शिसपेन्सिलीचं काम

पुस्तक आलं तेव्हा दोंडाईच्याच्या 'रूपरंग फोटो स्टुडिओ'त लग्नाच्या अल्बमांची घाई चालली होती आणि प्रेमराज नानांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तसं ते गेली पंधरा वर्षं नव्हतंच. स्टुडिओ आता मुलगा नीलेश बघायचा. नाना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून आल्यागेल्याला जुन्या गोष्टी सांगायचे आणि आलेगेलेही अल्बम मिळेपर्यंत ऐकून घ्यायचे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला याहून जास्त मान कुठे मिळतो?

पण पार्सलवर नाव त्यांचं होतं. 'श्री. प्रेमराज नाना, छायाचित्र-कलावंत' असं छापलेलं. कलावंत हा शब्द नानांनी दोनदा वाचला आणि नीलेशला दिसेल असा पार्सलचा कागद टेबलावर उताणा ठेवला.

आत पाटाएवढं पुस्तक होतं. जाड, गुळगुळीत कागद, आणि वर शिंदखेड्याचा कोणी एक नवरदेव रंगवलेल्या दल सरोवरासमोर टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून उभा. खानदेशातल्या जुन्या फोटो स्टुडिओंचं हे पुस्तक. धुळे-जळगावचे अकरा स्टुडिओ, त्यांचे पडदे, त्यांचे कॅमेरे, पेट्यांमध्ये सडत पडलेली त्यांची निगेटिव्हं. त्यातली सोळा पानं एकट्या नानांची होती. रविवारी धुळ्याला प्रकाशन, आणि तिथे नानांना शाल मिळणार होती. शालीसाठी त्यांनी पांढरा सदरा इस्त्री करून आणला होता, तोही आठ दिवस आधी.

पुस्तक करणारी ऋतिका जळगावची. डिझाइनचं शिकलेली, हुशार, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलायची चिकाटी असलेली मुलगी. दीड वर्षापूर्वी ती पहिल्यांदा आली आणि नानांच्या पुढ्यात मांडी घालून बसली. नानांनी तिला रीटचिंग म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. निगेटिव्ह काचेवर ठेवायचं, खालून आरशाने उजेड घ्यायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीने फिल्मवर हलकं हलकं काम करायचं. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे फोटो उजळ येतो. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं त्या पेन्सिलीखाली जायचं. सावळ्या पोरी गोऱ्या व्हायच्या आणि त्यांची लग्नं जमायची. पुढे सासरी गेल्यावर काय व्हायचं ते नानांना कोणी विचारायला आलं नाही.

यातलंही अवघड काम म्हणजे मेलेल्याचे डोळे उघडणं. तेव्हा खेड्यापाड्यांत कित्येकांचा पहिला फोटो मेल्यावरच निघायचा. मग घरचे तो घेऊन यायचे आणि म्हणायचे, डोळे उघडून द्या. नाना बारीक ब्रशने फोटोवर डोळे काढून द्यायचे. असे डोळे, की घरची बाई फोटोसमोर उभी राहून भांडायला लागावी.

"नाना, तुमचं सगळ्यात चांगलं काम कोणतं?" ऋतिकाने विचारलं होतं.

हा प्रश्न कारागिराला विचारू नये. तो विचारला की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. नाना उठले, पेटी उघडली, खाकी पाकिटांच्या चळतीतून एक पाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं. कुंदाचं निगेटिव्ह. एक्क्याण्णव सालचं. विहिरीत बुडून मेलेली चोवीस वर्षांची बाई. यावरून काढलेल्या फोटोवर नानांनी तिचे डोळे उघडले होते, आणि तो फोटो तिच्या लेकीच्या घरी होता. तसे डोळे त्यांना पुन्हा कधी साधले नाहीत, हे खरंच होतं. त्या निगेटिव्हवर आपण आणखी काय केलं होतं ते त्या क्षणी त्यांच्या मनातही आलं नाही. माणूस विसरतो असं आपण म्हणतो, पण तो बेटा सोयीचं तेवढं बरोबर लक्षात ठेवतो.

"हे फार मळलंय, नाना," ऋतिका म्हणाली होती.

"कापूसले स्पिरिट लाय आनि पुसी टाक," नाना म्हणाले होते. सगळ्याच निगेटिव्हांबद्दल ते तसं म्हणत होते.

आणि आता एकशे चार आणि एकशे पाच ही दोन पानं त्यांच्या मांडीवर उघडी होती. उजव्या पानावर दिपमालाच्या घरच्या भिंतीवरचा फोटो. दिपमाला म्हणजे कुंदाची मुलगी, आई गेली तेव्हा तीन वर्षांची, आता शिंदखेड्याजवळ शाळेत शिक्षिका. त्या फोटोत कुंदा डोळे उघडून, कपाळाला कुंकू लावून, डोक्यावरून पदर घेऊन बघत होती. मान केळीच्या कोवळ्या पानासारखी साफ. डाव्या पानावर मूळ निगेटिव्हवरून काढलेली कुंदा. ओले केस, मिटलेले डोळे. आणि मानेवर रेघ. बोटाएवढी जाड, काळपट, एका कानाखालून निघून हनुवटीखालून दुसऱ्या कानाखाली गेलेली.

छपाई फार सुरेख आली आहे, हा नानांच्या मनात आलेला पहिला विचार. त्याची त्यांना लगेच लाज वाटली, पण तो आला होता. ऋतिकाने पुसला तो मळ नव्हता. ती त्यांची पेन्सिल होती. तेहेतीस वर्षं टिकलेली पेन्सिल त्यांच्याच सांगण्यावरून एका कापसाच्या बोळ्यावर आली होती.

त्या वेळी पोलिसांना पंचनाम्याचे फोटो लागले की गावातल्या स्टुडिओवाल्यालाच बोलावणं यायचं. नाना गेले होते. तापीकाठचं गाव, शेतातली विहीर, काठावर गोधडीवर ठेवलेली कुंदा. त्यांनी चेहऱ्याचा फोटो जवळून घेतला, नेहमी घेत तसा. दुसऱ्या दिवशी फोटो वाळत असताना जमादार स्टुडिओत आला. कुंदाचा सासरा बाहेर जीपमध्ये बसून होता, तो काही आत आला नाही.

"पोतीचा दोरा पाण्याने फुगला, त्याचा वळ आहे हा," जमादार म्हणाला. "उगीच बघणाऱ्याला शंका येते. तू कलाकार माणूस. साफ करून दे."

फोटोत कुंदाच्या गळ्यात पोत नव्हतीच. नानांना ते दिसत होतं, कारण दिसणं हाच त्यांचा धंदा होता. ते घाबरले होते हे खरं. सासरा गावचा मोठा माणूस, जमादाराशी वाकडं घेऊन स्टुडिओ चालवायची सोय नव्हती, हेही खरं. पण पेन्सिल हातात घेतल्यावर भीती गेली आणि कामच राहिलं. वीस मिनिटांत मान साफ झाली. इतकी साफ, की जमादाराने पाठीवर थाप मारली, आणि नानांना, काय सांगावं, बरं वाटलं. कागदावर पाय घसरून बुडून मृत्यू असं आलं. कागद कोणी कसा लिहिला ते नानांना माहीत नव्हतं. फोटो कोणी केला तेवढं माहीत होतं.

दोन महिन्यांनी कुंदाची आई तानुबाई आली, कडेवर दिपमाला. लेकीचा फोटो घरात एकही नाही, सासरचे देत नाहीत, तर तुम्ही काढलेल्याचेच डोळे उघडून द्या, म्हणाली. नानांनी जीव ओतून डोळे काढले. तानुबाईने फोटो हातात घेतला, पण डोळ्यांकडे तिने पाहिलंच नाही. ती मानेकडे बघत राहिली.

"आठे बी साफ शे," ती म्हणाली, आणि फोटो पदराखाली घेऊन निघून गेली.

नानांनी पुस्तक मिटलं आणि ऋतिकाला फोन लावला. ती गाडीत होती, आनंदात होती. "नाना, एकशे चार बघितलं ना? त्या पानावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतलीय. मानेवर, गालावर इतकं काळं बसलं होतं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे हळूहळू पुसलं, तर खालून केवढं स्वच्छ निघालं."

"ते पान काढता येई का?"

"छापून झालं नाना, आता कसं काढणार?" ती हसली. "आवडलं नाही का?"

"दिपमालाले पुस्तक धाडं का तू?"

"सगळ्यांच्याच प्रती एकदम निघाल्या. ताईंनाही आजच मिळेल. त्यांनी तर लगेच परवानगी दिली होती. म्हणाल्या, मला आईचा एकच चेहरा माहीत आहे, तोही नानांच्या हातचा. खरी कशी दिसायची ते मला बघायचंय."

नाना फोन कानाला तसाच धरून बसले. आपल्याच पायावर माणूस धोंडा पाडून घेतो म्हणतात, पण असा शोधून, पुसून, शाबासकी मिळावी म्हणून पाडून घेतलेला धोंडा दोंडाईच्यात दुसऱ्या कोणाचा नसेल. जेवायला ते उठले नाहीत. दुपारी त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि प्रस्तावनेत त्यांना बुडत्याला हवी तशी काडी सापडली. ऋतिकाने लिहिलं होतं, 'जुन्या निगेटिव्हांवरचा मळ पुसला आहे, ओरखडे मात्र मुद्दामच तसेच ठेवले आहेत.' झालं तर मग. ओरखडा आहे म्हणायचं. दिपमालाचा विश्वास आहे आपल्यावर. तिच्या आईचा चेहरा आपणच तिला दिला. आता या वयात खरं सांगून तिला काय मिळणार आहे? झाकली मूठ झाकलेलीच बरी. अशी समजूत घालत ते संध्याकाळची वाट बघायला लागले. पोर आज येणार याबद्दल त्यांना शंका नव्हती, आणि ती येऊ नये असंही त्यांना तितकंच वाटत होतं.

दिपमाला साडेचारला आली. शाळेतून परस्पर, स्कूटीवर, पुस्तक कापडी पिशवीत. काउंटरवर तीनचार गिऱ्हाइकं होती. नीलेश म्हणाला, "या ताई, रविवारी येताय ना सत्काराला?" तिने मान हलवली, पण ती हो होती की नाही ते त्याला कळलं नाही. नानांनी तिला आतल्या खोलीत नेलं. पूर्वीची डार्करूम, आता तिथे फ्रेमांच्या पट्ट्या आणि काचा ठेवलेल्या असत.

तिने बसायच्या आधीच पुस्तक उघडलं. पान शोधावं लागलं नाही.

"नाना, हाई रेघ कसानी शे?"

"ओरखडा शे बेटा. जुनी फिल्म. तठे प्रस्तावनामा लिखेल शे, देख."

"वाचं मी ते." तिचा आवाज शाळेत मुलांशी बोलतात तसा शांत होता. "ओरखडा नाकवर नही, गालवर नही, केसस्वर नही. आनि ओरखडा मानना भवता वळस का, नाना?"

नानांनी पानाकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मन्ही आजी मरापावत एकच गोट सांगे," दिपमाला म्हणाली. "तुन्ही मायना नरडावर दोरना वळ व्हता, मी मन्हा डोयाघाई देखा, आसं सांगे."

मग ती सांगत गेली, आणि नाना भिंतीला टेकून ऐकत राहिले. तानुबाई ठाण्यावर गेली होती तेव्हा तिला तिथे फोटो दाखवला, बाई, मान बघ, कुठे आहे वळ? गावात दाखवला. सोयऱ्याधायऱ्यांत तो फोटो फिरला. म्हातारी लेकीच्या दुःखाने येडी झाली असं ठरलं, आणि एकदा ठरलं की गाव ते सोडत नाही. तरी ती बोलायची. भांडी घासताना, वाती वळताना, नातीला न्हाऊ घालताना तेच ते. दिपमाला सतरा वर्षांची झाली, तिला या बोलण्याचा वीट आला. बापाचं नाव घेतलं की आजी थुंकायची, आणि पोरीला तर बाप हवा होता. एक दिवस तिने भिंतीवरचा फोटो काढला आणि आजीच्या पुढ्यात आपटला. आजी, दाखव कुठे आहे वळ. फोटो खोटं बोलतो का?

"त्या रोजफाईन आजी गप व्हयनी," दिपमाला म्हणाली. "दोन वरीस जगनी, पन त्यानावर एक सबद बोलनी नही. माले वाटनं, चला, समजनं तिले."

नानांनी पानावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "ओरखडा नही बेटा. वळ शे. पेन्सिलघाई मीच झाका."

ती रडेल, ओरडेल, पुस्तक तोंडावर फेकेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिने फक्त मान डोलावली, एखाद्या गणिताचं उत्तर जुळल्यासारखी.

"मी लिखी देसू," नाना म्हणाले. "कोठेबी चाल. पोलिसस्मा, कोर्टमा. जसं व्हयनं तसं सांगसू."

"कोनले लिखी देशात? जमादार मरी गया. आजा मरी गया. मन्ही आजीले वाची दाखाडशात का?"

नानांनी हात जोडले. ते तिने पाहिले की नाही कोणास ठाऊक, कारण ती पानाकडेच बघत होती.

"एक जन शे आजून," ती म्हणाली. "मन्हा बाप. मन्हाच घरमा शे."

निंबा, तिचा बाप. आजी गेल्यावर दिपमाला आपणहून त्याच्याकडे गेली होती, त्याला माफ करायला. माफ कशाबद्दल करायचं हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, दुसरं लग्न केलं एवढाच त्याचा दोष तिला दिसत होता. पाच वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. दुसऱ्या बायकोच्या मुलांनी हात झटकले तेव्हा हीच त्याला शिंदखेड्याला घेऊन आली. नवऱ्याशी भांडली, बाप आहे माझा, म्हणाली. दिवसातून तीनदा ती त्याला भरवते, पुसते, कपडे बदलते. त्याला बरं वाटावं म्हणून आईचा फोटो तिने त्याच्या खाटेसमोर लावला. फोटोकडे बघून त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. ते ती रोज पुसते. मायवर किती माया होती बिचाऱ्याची, असं शेजारणींना सांगते.

"कोन्ही करं हाई, नाना? बापनी का आजानी?"

"माले माहीत नही बेटा. देवशपथ नही. माले फक्त वळ माहीत व्हता."

बाहेर गिऱ्हाइकाशी नीलेशचं पानं वाढवण्यावरून बोलणं चाललं होतं. नानांना वाटलं, तिच्या पायांवर डोकं ठेवावं. तिच्यासमोर तेवढंही करायची आपली लायकी राहिली नाही, असंही वाटलं, आणि ते उभेच राहिले. दिपमालाने पुस्तक बोट घालून मिटलं, उठली आणि बाहेर काउंटरवर गेली. नाना तिच्या मागून गेले.

"नीलेशभाऊ, या डाव्या पानावरचा फोटो मला मोठा करून हवाय. आत्ताच. फ्रेमही लावून द्या," ती म्हणाली. बाहेरच्या लोकांशी ती शाळेतली मराठी बोलायची.

नीलेशने पान पाहिलं आणि जरा चाचरला. पण ताई गंभीर दिसत होती आणि काम तर काम. त्याने पान स्कॅन केलं. स्क्रीनवर कुंदा आली, मिटल्या डोळ्यांची, खऱ्या माणसाच्या चेहऱ्याएवढी मोठी. अल्बमसाठी थांबलेल्या दोघी बायका स्क्रीनकडे बघायला लागल्या.

"ताई, मानेवर एक रेघ आलीय," नीलेश म्हणाला. त्याने माउस हातात घेतला. "काढून देतो. एका मिनिटाचं काम आहे."

दिपमालाने वळून नानांकडे पाहिलं.

"नको," नाना म्हणाले. "ती ऱ्हाऊ दे."

"अहो नाना, खराब दिसतंय. काय आहे ती?"

तेव्हा प्रेमराज नानांनी सांगितलं. काउंटरला धरून, त्या दोन बायकांसमोर, अल्बम घ्यायला आलेल्या नवरदेवाच्या बापासमोर, आपल्या मुलासमोर. जमादार, जीप, वीस मिनिटं, पाठीवरची थाप आणि ती थाप किती गोड लागली तेही. काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर त्यांना हलकं वगैरे वाटलं नाही. खुर्ची पुढे करायलाही कोणी आलं नाही.

नीलेशने माउसवरचा हात काढला. त्याने बापाकडे पाहिलं नाही. त्याने स्क्रीनकडे बघतच हळू आवाजात विचारलं, "साइज कोणती घेऊ, ताई?"

"सगळ्यात मोठी घ्या," दिपमाला म्हणाली. "माझ्या बापाला आता बारीक दिसत नाही."